पितळी पुंगळी आणि मेंढीच्या लोकरीतले वंगण

माझा भाचा अमेरिकेत ओहायो राज्यात राहतो आणि सुट्टीच्या दिवशी रायफलने लक्ष्यवेधाचा सराव करतो. त्यासाठी वापरलेल्या काडतुसांची रिकामी पितळी कवचे, म्हणजे पुंगळ्या, तो घरीच पोलादी साच्यात, म्हणजे डायमध्ये, दाबून पुन्हा मूळ मापावर आणतो. गेल्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी, म्हणजे त्याच्याकडच्या शनिवारी रात्री, त्याचा व्हिडिओ कॉल आला. टेबलाला बोल्टने आवळलेला हातदांड्याचा छोटा प्रेस पडद्यावर दिसत होता, त्याचा दांडा अर्ध्यावर थांबलेला होता आणि भाच्याच्या तळहातावर पितळेची एक चंद्रकोरीसारखी फाटलेली कडा होती. तो म्हणाला, "मामा, पुंगळी डायमध्ये अडकली. ओढायला गेलो तर बुडाची कडा तुटून हातात आली." मी विचारले की वंगण लावले होते का. त्यावर तो म्हणाला, "हो ना, मशीनचे तेल लावले होते, आणि चांगले भरपूर लावले होते."

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत मी सव्वीस वर्षे प्रेसवर पितळेची टोपणे आणि लहान नळ्या ओढण्याचे काम केले. भरपूर तेल लावूनही पितळ डायला धरते, हे मला नवीन नव्हते. आमच्याकडे त्याला "पितळ डायला लागले" असेच म्हणत. तेल कमी पडल्यामुळे असे होते, हा समज मात्र कारखान्यातही बराच होता, आणि तो दूर करायचा तर तेल दाबाखाली काय करते ते मुळापासून समजून घ्यावे लागते. भाच्याला त्या दिवशी आणि त्यानंतरच्या तीन-चार रविवारी मी जे सांगितले, तेच येथे नीट मांडून लिहीत आहे.

त्याआधी कायद्याची गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरून काडतुसे तयार करण्यास केंद्रीय परवाना लागत नाही, आणि हजारो लोक हा छंद घरच्या टेबलावर करतात. भारतात तसे नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये दारूगोळ्याची जी व्याख्या दिली आहे, तिच्यात दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो तयार करण्याची यंत्रेही येतात. कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. त्यामुळे आपल्याकडच्या वाचकाने या लेखातून वंगणाचे आणि पितळेचे शास्त्र घ्यावे. ते भांड्याच्या, नळीच्या किंवा प्रेसच्या कोणत्याही कामाला तसेच्या तसे लागू पडते. आपल्या खानदेशात काडतुसे तयार होतात ती भुसावळजवळच्या वरणगावच्या आयुध निर्माणीत. ही निर्माणी १९६४ पासून चालू आहे आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून ती म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीत आहे. निर्माणीत नव्या पुंगळ्या घडतात. भाच्याचे काम वापरलेली पुंगळी पुन्हा मूळ मापावर आणण्याचे आहे.

पुंगळी म्हणजे काडतुसाचे पितळी कवच. रायफलीच्या पुंगळीला खाली जाड बूड असते, बुडाच्या मध्यभागी ठिणगी पाडणारी लहान टोपी बसते जिला प्रायमर म्हणतात, वर सरळ अंग, त्यावर उतरता खांदा आणि शेवटी अरुंद मान, जिच्यात गोळी घट्ट धरलेली असते. हे पितळ साधारण ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त यांचे असते, आणि धातुशास्त्राच्या पुस्तकांत या मिश्रणाला काडतुसाचे पितळ असेच नाव आहे. गोळी सुटताना आत प्रचंड दाब तयार होतो. पॉइंट ३०८ विंचेस्टर या नेहमीच्या काडतुसासाठी ठरवलेली कमाल मर्यादा दर चौरस इंचाला ६२,००० पौंड आहे, म्हणजे हवेच्या दाबाच्या चार हजार पटींहून जास्त. त्या दाबाने पुंगळी फुगून बंदुकीच्या कोठडीच्या, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या पोकळीच्या, भिंतीला चिकटते, मागे येऊ पाहणारा वायू अडवते आणि दाब उतरताच किंचित आकसून मोकळी होते. हे सर्व सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास घडते.

मात्र ती पूर्ण आकसत नाही. एक-दोन केसांच्या जाडीइतका फुगवटा तिच्या अंगावर कायमचा राहतो, आणि तेवढ्यानेही ती पुढच्या वेळी कोठडीत अडखळते. म्हणून तिला पोलादी डायमध्ये खालून वर दाबून पुन्हा मूळ मापावर आणावे लागते. डाय म्हणजे पुंगळीच्या आकाराची आतून गुळगुळीत केलेली पोलादी पोकळी. पितळ त्या पोकळीत शिरताना चारही बाजूंनी दाबले जाते, थोडे लांबतेही, आणि त्याच वेळी भिंतीवरून घासत पुढे सरकते. दाबणे आणि घासणे एकाच वेळी चालू असते, आणि वंगणाची खरी परीक्षा येथेच होते.

दोन धातूंचे पृष्ठभाग डोळ्यांना कितीही चकचकीत दिसले तरी सूक्ष्मदर्शकाखाली ते सातपुड्याच्या रांगांसारखे उंचसखल असतात. एकावर एक ठेवले तर फक्त शिखरे शिखरांना टेकतात, आणि सगळा भार त्या थोड्याशा टोकांवर येतो. तेथला दाब इतका वाढतो की मऊ धातूचे टोक कठीण धातूला अक्षरशः जोडले जाते, जणू तेवढ्या ठिकाणी थंड वेल्डिंग होते. पुढे सरकताना हे जोड तुटतात, पण ते जोडाच्या जागी न तुटता मऊ पितळाच्या पोटातून तुटतात, आणि पितळाचा कण पोलादावर चिकटून राहतो. पुढची पुंगळी आली की पितळावर पितळ घासते, कण मोठा होतो, आणि पाच-दहा पुंगळ्यांनंतर डायच्या भिंतीवर पितळाची रेघ उभी राहते. पितळ डायला लागले ते असे.

या शिखरांच्या मध्ये तेल असले तर काय होते, हे तेलावर कमी आणि वेगावर जास्त अवलंबून असते. पंपाच्या बेअरिंगमध्ये शाफ्ट वेगाने फिरतो तेव्हा तो स्वतःच तेल ओढून आपल्याखाली पाचरीसारखे भरत राहतो आणि धातू धातूला टेकतच नाही. तेथे मशीनचे तेल उत्तम चालते, कारण पातळ तेल पटकन भरले जाते. हातदांड्याच्या प्रेसवर पुंगळी मात्र सेकंदाला काही सेंटिमीटर इतक्याच वेगाने सरकते, आणि दाब त्या बेअरिंगपेक्षा कितीतरी जास्त असतो. अशा वेळी पातळ तेल चेपले जाऊन बाजूला पळते. भाच्याने ते वाटीभर लावले असते तरी हेच झाले असते, कारण पळणारे तेल शिखरांवरून पळते आणि दऱ्यांमध्ये साठते, आणि घर्षण तर शिखरांवर होते.

त्यामुळे येथे असे वंगण लागते जे धातूला धरून राहील. इंग्रज शास्त्रज्ञ विल्यम हार्डी यांनी १९२० च्या सुमारास याच प्रकाराचा अभ्यास केला आणि त्याला सीमावर्ती वंगण असे नाव दिले. चरबीच्या आणि वनस्पती तेलांच्या काही रेणूंना एक डोके असते आणि एक लांब शेपूट असते. डोके धातूकडे, त्यावरच्या ऑक्साइडच्या थराकडे, ओढले जाते आणि तेथे पकड घेते. शेपटी बाहेरच्या बाजूला उभ्या राहतात. लाखो रेणू असे शेजारी शेजारी उभे राहिले की शेतात दाटीने उभ्या असलेल्या ज्वारीच्या ताटांसारखा एक थर तयार होतो: मुळे जमिनीत घट्ट आणि शेंडे मोकळे. दोन पृष्ठभागांवरचे असे दोन थर समोरासमोर आले तर शेंडे शेंड्यांवरून सहज सरकतात आणि धातू धातूपर्यंत पोहोचत नाही. मशीनच्या तेलासारख्या खनिज तेलाच्या रेणूला असे डोके जवळजवळ नसतेच. ते धातूवर पडून राहते, रुजत नाही.

हे आपल्या आजोबा-पणजोबांना शास्त्र न शिकताही ठाऊक होते. लाकडी चाकाच्या बैलगाडीच्या मागे वंगणाचे नळकांडे टांगलेले असे आणि त्यात एरंडेल घातलेले काळे वंगण असे. गाडीचे चाक हळू फिरते, माथ्यावर भार मोठा असतो आणि आसाभोवती पाचरीसारखे तेल भरण्याइतका वेग कधीच नसतो, म्हणजे भाच्याच्या प्रेससारखीच अवस्था. एरंडेलातील सुमारे ८५ ते ९० टक्के मेदाम्ल रिसिनोलिक आम्ल असते. या अठरा कार्बनच्या साखळीत टोकाच्या नेहमीच्या डोक्याशिवाय बाराव्या कार्बनवर आणखी एक ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी असते. त्या दुसऱ्या पकडीमुळे एरंडेल घट्ट, चिकट आणि दाबाला टिकणारे होते, आणि त्याच पकडीमुळे इतर बहुतेक वनस्पती तेलांपेक्षा वेगळे होऊन ते अल्कोहोलमध्ये सहज विरघळते. हा दुसरा गुण पुढे कामाला येतो.

पुंगळ्यांसाठी छंदवाल्यांनी सर्वांत जास्त मान्य केलेला घरगुती पदार्थ मात्र लॅनोलिन आहे. लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीवरचा तेलकट लेप, जो तिच्या त्वचेतील ग्रंथींमधून पाझरतो आणि पावसापासून लोकरीचे रक्षण करतो. साक्री तालुक्यातील ठेलारी मेंढपाळांचे तांडे पावसाळ्यानंतर मेंढ्या घेऊन दूर दूर जातात. त्यांच्यापैकी कोणी मेंढी कातरत असताना शेजारी बसून ती ओली, जड लोकर हातात घेतली तर बोटांना जो चिकट थर लागतो आणि साध्या पाण्याने जात नाही, तोच हा पदार्थ. आपल्याकडच्या जाड, राठ लोकरीत तो कमी असतो आणि मेरिनोसारख्या तलम लोकरीत जास्त, म्हणून बाजारातले लॅनोलिन बहुतेक अशा लोकरीच्या गिरण्यांमधून धुऊन काढलेले असते. १८८२ मध्ये जर्मनीत ते शुद्ध करण्याच्या पद्धतीला पेटंट मिळाले आणि लॅटिन भाषेतील लोकर आणि तेल या दोन शब्दांवरून त्याला हे नाव पडले.

नावात तेल असले तरी रसायनशास्त्राच्या दृष्टीने ते मेण आहे. खाद्यतेलात ग्लिसरीनला जोडलेली मेदाम्ले असतात. लॅनोलिनमध्ये मेदाम्ले कोलेस्टेरॉलसारख्या मोठ्या, बोजड अल्कोहोलांना जोडलेली असतात. त्यामुळे त्याचा थर नुसता रुजत नाही, तर जाडही असतो, आणि दाबाखाली तो पळण्याऐवजी दबून जागेवर राहतो. दोन बोटांमध्ये अगदी कणभर घेऊन चोळून पाहिले तर आधी ओढ जाणवते आणि बोटे सहज घसरत नाहीत. भाच्याला हे विचित्र वाटले, कारण त्याच्या मनात वंगण म्हणजे घसरडे असे होते. परंतु बोटांना जाणवणारी ती ओढच त्याची टिकून राहण्याची ताकद आहे. डायच्या दाबात हाच थर पितळाला आणि पोलादाला वेगळे ठेवतो.

आता ते तयार कसे करायचे ते पाहू. लॅनोलिन जसेच्या तसे बोटाने लावता येते, पण शंभर पुंगळ्यांना एकसारखा पातळ थर देणे हाताने जमत नाही. म्हणून ते अल्कोहोलमध्ये मिसळून फवारतात. अल्कोहोल काही मिनिटांत उडून जाते आणि मागे लॅनोलिनचा समान, पातळ थर राहतो. अल्कोहोल येथे फक्त वाहक असते, वंगण नव्हे. नेहमीचे प्रमाण म्हणजे एक भाग लॅनोलिनला बारा भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे ३० मिलिलिटर लॅनोलिनला ३६० मिलिलिटर. कोणी आठ भाग घेतात, कोणी सोळा. माझ्या अनुभवात सुरुवात बारावर करावी आणि डायमध्ये दांडा जड लागला तरच लॅनोलिन वाढवावे.

लॅनोलिन पाणीविरहित आणि शुद्ध असावे. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या मलमात इतर पदार्थ मिसळलेले असू शकतात, म्हणून डबीवरचे घटक वाचावेत. अल्कोहोल ९९ टक्के असावे, म्हणजे मोबाइल आणि सर्किट दुरुस्तीच्या दुकानांत बोर्ड पुसायला वापरतात तसे. जखमेसाठीचे ७० टक्के स्पिरिट चालत नाही, कारण उरलेला भाग पाण्याचा असतो आणि पाणी असले की लॅनोलिन विरघळण्याऐवजी गोळा होऊन पांढरट थर धरते. हात धुण्याचे सॅनिटायझर तर अजिबात नको, त्यात घट्ट करणारे चिकट पदार्थ असतात आणि ते पितळावर वाळून बसतात. मिथेनॉल कधीही वापरू नये. ते स्वस्त मिळते, पण त्याची वाफ श्वासातून आणि द्रव त्वचेतून शरीरात जातो आणि डोळ्यांच्या नसांना कायमची इजा करतो.

लॅनोलिन सुमारे ३८ ते ४४ अंश सेल्सिअसला वितळते. ओहायोच्या हिवाळ्यात भाच्याची डबी दगडासारखी कडक असते, आणि आमच्या जळगावात मे महिन्याच्या दुपारी, पारा पंचेचाळिशीच्या जवळ असताना, तीच डबी फळीवर ठेवल्या जागी तेलासारखी वाहू लागते. मी एकदा माझ्याकडची उघडी डबी आडवी पाहिली तेव्हा फळीखालच्या लोखंडी पेटीवर पिवळसर ओघळ उतरले होते, आणि पुढे दोन पावसाळे त्या ओघळांखालचा पत्रा गंजला नाही. थंडीत मात्र डबी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून लॅनोलिन वितळवावे, दुसऱ्या भांड्यात अल्कोहोलची बाटली कोमट पाण्यात उभी करावी, मग कोमट अल्कोहोलमध्ये वितळलेले लॅनोलिन ओतून बाटली घट्ट बंद करून जोरात हलवावी. थंड झाल्यावर थोडे लॅनोलिन तळाशी बसते. त्यात दोष काही नाही. दर वेळी फवारण्यापूर्वी बाटली हलवणे पुरेसे आहे. मिश्रणात थोडे एरंडेल घातले, लॅनोलिनच्या पाव भागाइतके, तर ते थंडीतही पातळ राहते आणि फवाऱ्याचे छिद्र कमी चोंदते. एरंडेल अल्कोहोलमध्ये विरघळते म्हणूनच हे जमते. तिळाचे किंवा सरकीचे तेल घातले तर ते वेगळे तरंगत राहील.

येथे एक गोष्ट मी भाच्याला दोनदा म्हणायला लावली: पाणी आधी गॅसवर गरम करायचे, गॅस बंद करायचा, भांडे दुसऱ्या खोलीत न्यायचे आणि मगच अल्कोहोलची बाटली उघडायची. आयसोप्रोपिल अल्कोहोलची वाफ साधारण १२ अंशांपासून पुढे ठिणगी लागताच पेट घेते. आपल्या खानदेशात वर्षातले बहुतेक दिवस आणि दिवसातले बहुतेक तास तापमान याच्या वर असते, म्हणजे बाटली उघडी असली तर ती वाफ जवळजवळ नेहमीच पेटण्याच्या तयारीत असते. ती हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत पसरते आणि देवघरातला दिवा, फ्रिजचा स्विच किंवा शेजारच्या खोलीतली शेगडी यांच्यापर्यंत पोहोचते. खिडक्या उघड्या ठेवून, शक्य असल्यास अंगणात काम करावे, आणि तयार बाटली उन्हात किंवा गाडीत ठेवू नये.

लावण्याची पद्धत सोपी आहे, पण प्रमाणाकडे लक्ष द्यावे लागते. पुंगळ्या आधी स्वच्छ असाव्यात, कारण वाळूचा एक कण डायवर जी ओरखड पाडतो ती नंतरच्या प्रत्येक पुंगळीवर उमटत राहते. त्या एका थरात ताटात पसराव्यात, तिरकस फवारा द्यावा, ताट हलवून पुंगळ्या फिरवाव्यात आणि पुन्हा फवारावे. फवारा थोडा तिरका असेल तर तो मानेच्या तोंडातून किंचित आतही जातो, आणि ते हवेच असते, कारण बाहेर येताना मानेच्या आतून एक पोलादी गोळा ओढला जातो जो मान आतून योग्य मापाची करतो. तेथे वंगण नसेल तर कर्कश किंचाळल्यासारखा आवाज येतो आणि मान ओढली जाऊन पुंगळी लांबते. मग तीन ते पाच मिनिटे थांबायचे. अल्कोहोल ओले असताना डायमध्ये घातले तर जणू वंगण लावलेच नाही, कारण मधला थर पातळ अल्कोहोलचा असतो आणि तो पळतो. ताटातल्या पुंगळ्यांवरची ओली चमक जाऊन पितळ किंचित मंद दिसू लागले आणि बोटाला हलकी ओढ लागली, की काम सुरू करता येते.

जास्त वंगणाचा दोष कमी वंगणापेक्षा वेगळा दिसतो. द्रव दाबला तरी जवळजवळ आकसत नाही. पुंगळी डायमध्ये वर जात असताना जास्तीचे वंगण पुढे ढकलले जाते आणि खांद्याच्या वरच्या अरुंद जागेत कोंडले जाते. तेथून बाहेर पडायला वाट नसली की ते पोलादाला वाकवू शकत नाही, म्हणून पितळाला वाकवते. बाहेर आलेल्या पुंगळीच्या खांद्यावर अंगठ्याने दाबल्यासारखा लहान, गुळगुळीत खळगा दिसतो. डायला हवा जाण्यासाठी एक बारीक भोक असते, ते वंगणाने बंद झाले तरी असेच होते. कारखान्यात मला पहिल्या वर्षी टोपणांच्या गळ्यावर असे खळगे दिसू लागले तेव्हा मी दाब कमी केला, डाय बदलली, पत्र्याची जाडी मोजली, आणि दोन दिवसांनी एका जुन्या कारागिराने फडक्याने डाय आतून कोरडी पुसून माझ्या हातात दिली. पुढच्या टोपणावर खळगा नव्हता. लहान खळगा असलेली पुंगळी पुढच्या वेळी आतल्या दाबाने आपोआप सरळ होते, पण मोठी घडी पडलेली पुंगळी टाकून द्यावी.

सरळ अंगाच्या पिस्तुलाच्या पुंगळ्यांसाठी टंगस्टन कार्बाइडचे कडे बसवलेली डाय मिळते. कार्बाइड इतके कठीण आणि गुळगुळीत असते की पितळ त्याला धरत नाही, आणि तेथे वंगण लागत नाही किंवा नावापुरते लागते. खांदा आणि मान असलेल्या रायफलीच्या पुंगळीला मात्र ते टाळता येत नाही.

पुंगळी मापावर आली की वंगण पूर्ण काढावे लागते, आणि घाईत नेमके हेच राहून जाते. पुंगळी कोठडीच्या भिंतीला चिकटते तेव्हा दाबाचा काही भाग ती भिंतीला धरून स्वतः पेलते. तिच्या अंगावर वंगण राहिले तर ती पकड सुटते आणि मागच्या बाजूचा सगळा धक्का बंदुकीच्या बोल्टवर, म्हणजे कोठडी मागून बंद करणाऱ्या भागावर, जातो. आत राहिलेले वंगण दारूला आणि प्रायमरला लागले तर काडतूस पेटतच नाही किंवा अर्धवट पेटते. भाच्याकडे यासाठी फिरते पिंप आहे आणि त्यात मक्याची दाणे काढलेली कणसे भरडून घातलेली असतात. आपल्याकडे शेतात ज्यांचा जाळण्यापलीकडे फारसा उपयोग होत नाही ती कणसे तेथे पिशवीत भरून विकली जातात. खरखरीत पण मऊ असल्यामुळे ती पितळ न ओरबाडता मेण शोषून घेतात. गरम पाणी आणि भांड्यांचा साबण यांनीही लॅनोलिन निघते, फक्त पुंगळ्या नंतर आतून पूर्ण वाळल्या पाहिजेत.

स्वच्छतेसाठी अमोनिया असलेला कोणताही काचा पुसण्याचा किंवा पितळ चमकवण्याचा द्रव वापरू नये. याचा इतिहास आपल्या मुलखातच घडला. ब्रिटिश लष्कराची काडतुसे पावसाळ्यात घोड्यांच्या पागांजवळ साठवली जात, आणि काही महिन्यांत त्यांच्या पितळाला आपोआप उभ्या भेगा पडत. पावसाळ्यातच पडत म्हणून लष्करात त्यांना हंगामी भेगा म्हणू लागले. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी कारण दाखवून दिले: ओल्या हवेत घोड्यांच्या मुतातून येणारा अमोनिया, आणि ओढून घडवलेल्या पितळाच्या अंगात कोंडून राहिलेला ताण. ताण नसलेल्या पितळाला अमोनियाने एवढे काही होत नाही, आणि अमोनिया नसेल तर ताणलेले पितळही वर्षानुवर्षे टिकते. दोन्ही एकत्र आले की धातूच्या कणांमधल्या सीमा उकलत जातात. प्रत्येक वेळी डायमधून गेलेली पुंगळी पुन्हा ताणलेली असते. ठोकून ठोकून हंडा कडक झाला की तांबट तो भट्टीत पुन्हा लाल करतो आणि मगच पुढे ठोकतो. पुंगळीची मानही काही वेळा भरल्यानंतर अशीच तापवून मऊ करावी लागते, नाहीतर ती तडकते. बूड मात्र कधीही तापवायचे नाही, कारण त्याचा कठीणपणाच दाब पेलतो.

पेट्रोलियम जेली अडचणीच्या वेळी चालते, पण तिच्या रेणूंना डोके नसल्यामुळे जड कामात ती उघडी पडते. साबणाचे दाट पाणी पितळ ओढण्याच्या कारखान्यांत फार जुन्या काळापासून वापरले जाते आणि ते चांगले काम करते, कारण साबणाच्या रेणूला डोके आणि शेपूट दोन्ही असतात. घरी त्याची अडचण एवढीच की पोलादी डाय रात्रीत गंजते. लॅनोलिन उलट डायला गंजापासून वाचवते, आणि मला ते जास्त पसंत पडण्याचे हेही एक कारण आहे.

भाच्याची अडकलेली पुंगळी त्याच सकाळी काढली. प्रायमर वापरलेला आणि निकामी आहे याची आधी खात्री करून घेतली, कारण जिवंत प्रायमर असलेल्या पुंगळीला ड्रिल लावणे म्हणजे जीवाशी खेळ आहे. मानेतून जाणारा पोलादी दांडा त्याने वरून सोडवून जितका वर घेता येईल तितका घेतला. मग डाय पक्कडयंत्रात उलटी धरून बुडाच्या मधल्या भोकात साधारण ५ मिलिमीटरचे ड्रिल सरळ उभे चालवले, त्यात पाव इंची टॅप फिरवून आटे पाडले, बुडाभोवती डायच्या तोंडावर टेकेल असा नळीचा तुकडा ठेवला, वर वॉशर घातला आणि बोल्ट आवळायला सुरुवात केली. बेअरिंग काढायचा पुलर ज्याने वापरला आहे त्याला ही रचना ओळखीची वाटेल. चौथ्या फेऱ्याला बोल्ट इतका जड झाला की भाचा थांबला आणि माझ्याकडे पाहू लागला. मी म्हटले, "अर्धा फेरा अजून दे, पण झटका देऊ नकोस." टक असा आवाज आला आणि पुंगळी दोन मिलिमीटर वर आली.

ती हातात घेऊन त्याने कॅमेऱ्यासमोर फिरवली. एका बाजूला मानेपासून बुडापर्यंत सरळ ओरखडा होता आणि ओरखड्याच्या कडेला पितळ गोळा झाले होते. डायच्या आत टॉर्च मारला तेव्हा त्याच जागी सोनेरी रेघ दिसली. लाकडी काडीला फडके गुंडाळून आणि धातू चकाकवण्याची अमोनिया नसलेली पेस्ट लावून ती रेघ घासायला त्याला पाऊण तास लागला. लॅनोलिन पोस्टाने यायला आठवडा गेला. पुढच्या रविवारी त्याने पहिली पुंगळी ताटातून उचलली, बोटांत फिरवून ओढ पाहिली आणि दांडा खाली घेतला. दांडा एका हाताने, थांबा न घेता खाली गेला आणि तसाच वर आला, आणि बाहेर आलेल्या पितळावर एकही रेघ नव्हती.